फुटलेलं क्लच कव्हर, एलपीजीचा टॉर्च आणि जस्ताचा रॉड

यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार झाली. त्यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता जुनी म्हणावी अशीच, पण कोल्हापूर-सांगलीकडं तिचा रुबाब काही उतरलेला नाही. उतरलाय तो ओरिजिनल पार्टांचा पुरवठा. आतेभावाच्या गाडीचं उजवीकडचं क्लच कव्हर फुटलं तेव्हा हीच अडचण आली. लोकल कव्हर मिळतं, पण ते इंजिनवर सपाट बसेल याचा भरवसा नाही. जुन्या बाजारातल्या कव्हरांत किकचा दांडा जिथून बाहेर येतो ते भोक बहुधा झिजून लांबट झालेलं असतं. याच्या कव्हराचं ते भोक अजून गोल होतं. म्हणून ते वाचवण्यात अर्थ होता.

नुकसान दोन जागी होतं. गाडी उजव्या अंगावर पडली, मागच्या ब्रेकचं पेडल आत दुमडलं आणि कव्हराच्या खालच्या फुगीर भागावर बसलं. तिथं साधारण तीन सेंटिमीटरची चीर पडली आणि शेजारचा बोल्टचा कान मुळापासून तुटला. कान हरवला मात्र नव्हता. बोल्टनं तो इंजिनला आवळून धरलेला होता, तिथंच राहिला. पडल्यावर वाटेतल्या एका गॅरेजवाल्यानं चिरेवर एपॉक्सी पुट्टी थापून दिली होती. गाडी तापली की पुट्टीखालून तेल झिरपायचं आणि बुटावर यायचं.

माझ्याकडं येण्याआधी भावानं उद्यमनगरात एका आर्गनवाल्याला, म्हणजे आर्गन वायूच्या आडोशानं विजेचं वेल्डिंग करणाऱ्याला, कव्हर दाखवलं होतं.

"दादा, तो म्हणतो मारून देतो, पण पिनहोल आले तर परत यायचं नाही."

पिनहोल म्हणजे वेल्डमध्ये राहणारी बारीक भोकं. आर्गनवाल्याचं म्हणणं रास्त होतं. ही कव्हरं डाय कास्टिंगची असतात. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम दाबानं साच्यात मारताना हवा आणि वायू आत कोंडले जातात. वरची कातडी घट्ट आणि पोटात बारीक पोकळ्या, असा माल तयार होतो. वर्षानुवर्षं तेलात राहिलेल्या अशा कव्हरात चिरेच्या वाटेनं तेल मुरतं. आर्गनचा आर्क, म्हणजे विजेची ज्योत, लागला की ते तेल आणि कोंडलेला वायू फुगून वर येतात आणि वेल्डमध्ये बुडबुडे राहतात. चांगला कारागीर धुऊन, तापवून, पुन्हा कोरून मारतो आणि जमवतोही. पण त्याला वेळ लागतो आणि त्या वेळाचे पैसे कुणी देत नाही.

मग घरी टॉर्चवर ब्रेझिंग करायचं का, म्हणजे कव्हर न वितळवता नुसता रॉड वितळवून जोडायचं का, आणि कशानं? इथं बहुतेकांची गल्लत होते. अ‍ॅल्युमिनियम ब्रेझिंगचे रॉड म्हणून बाजारात दोन अगदी वेगळ्या जातीचा माल मिळतो. एक अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनचा, ज्यात सिलिकॉन सुमारे १२ टक्के असतं. तो ५७७ अंशांना वितळायला लागतो आणि ५८२ला पूर्ण पातळ होतो. त्याला फ्लक्स, म्हणजे धातूवरचा ऑक्साइडचा थर काढणारी पावडर, लागतोच. दुसरा जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा. त्यात बहुतांश जस्त असतं आणि तो साधारण ३८० ते ३९० अंशांना पाघळतो. व्हिडिओत कोल्डड्रिंकच्या कॅनचं भोक फ्लक्सशिवाय बुजवून दाखवतात तो हाच. नियमानं बोलायचं तर ४५० अंशांखालच्या जोडकामाला ब्रेझिंग म्हणतच नाहीत, ते सोल्डरिंग. पण दुकानात ब्रेझिंग रॉड म्हणूनच मागावा लागतो.

पहिला रॉड चांगला आहे यात वाद नाही. त्याचा जोड मूळ धातूच्या जवळ जातो, रंग जुळतो, गंजाची भानगड कमी. एसीच्या अ‍ॅल्युमिनियम नळ्या, ३००३ जातीचे पत्रे यांना तोच वापरावा, कारण ३००३ वितळायला ६४० अंशांच्या पुढं जावं लागतं. मध्ये साठेक अंशांची मोकळीक मिळते. आपल्या कव्हराचं तसं नाही. गाड्यांची असली कव्हरं सर्वसाधारणपणे एडीसी १२ किंवा तिच्या जवळच्या मिश्रधातूची असतात. त्यात स्वतःतच दहा-बारा टक्के सिलिकॉन आणि वर दोन-तीन टक्के तांबं. हा माल सव्वापाचशेच्या आत-बाहेर मऊ पडायला लागतो आणि ५८०च्या सुमारास पाणी होतो. म्हणजे रॉड वितळेपर्यंत कव्हर उभं राहणारच नाही.

हे कागदावर पटत नाही, म्हणून भंगारातून एक फुटकं कव्हर किलोच्या भावानं आणलं आणि त्याच्या एका कानावर मुद्दाम सिलिकॉनचा रॉड लावून बघितला. भाऊ शेजारी उभा होता. फ्लक्स पांढरा झाला, मग काचेसारखा पातळ झाला. रॉडचं टोक अजून कडकच होतं. कानाच्या कडेची धार तेवढी जराशी गोल झाली, आणि पुढच्या क्षणी अख्खा कान बोल्टच्या भोकासकट खाली लोंबला. लाल झाला नाही, चकाकला नाही, काही सूचना नाही. लोखंडाचं काम केलेल्या माणसाला याच गोष्टीची सवय नसते. अ‍ॅल्युमिनियम उजेडात रंग न दाखवता वितळतं.

म्हणून जस्ताचा रॉड. पण तो घेण्याआधी भावाला एक गोष्ट समजावून सांगावी लागली, कारण निर्णय त्याचा होता. जस्त लावलं की आर्गनची वाट कायमची बंद. जस्त ९०७ अंशांना उकळतं. आर्क त्याच्या कितीतरी वर. पुढं कधी त्या जागी आर्गन मारायला गेलं तर जस्ताची वाफ उसळते, वेल्ड काळा पडतो, सच्छिद्र होतो, आणि कारागिराच्या छातीत तो धूर जातो तो वेगळाच. जस्त मूळ धातूच्या आत शिरलेलं असतं, त्यामुळं घासून काढलं तरी पूर्ण निघत नाही. तेव्हा जस्ताची दुरुस्ती ही "बघू, नाहीतर वेल्डिंग करू" अशी नसते. आधी आर्गनवाल्याकडं जायचं, त्यानं हात वर केले की मगच जस्त. इथं त्यानं जवळपास हात वर केलेच होते.

दुसरा प्रश्न त्या जागेला काय सोसायचंय हा. गिअर ऑइल या कव्हरात दाबाखाली नसतं, नुसतं उडत असतं. चीर तळाच्या पोटाला होती, तिथं किकचा जोर येत नाही. कानाला फक्त गॅस्केट, म्हणजे कव्हर आणि इंजिनमधली गळती अडवणारी पातळ पट्टी, दाबून धरायचंय. चीर किकच्या भोकाकडं गेली असती तर मी कव्हर परत दिलं असतं, कारण किक मारताना दांडा त्या भोकाला तिरका रेटतो आणि जस्ताचा जोड असला झटका रोज खाणार नाही.

आता तयारी. वेळ सगळा इथंच जातो. पुट्टी खरवडली. तेलसील काढलं, कारण रबर या उष्णतेत राहत नाही. गरम पाणी आणि कपड्याच्या पावडरीनं कव्हर आतून-बाहेरून घासलं, वाळवलं, मग थिनरच्या फडक्यानं पुसलं आणि थिनरचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवला. ब्रेक क्लीनरचे स्प्रे या कामाला वापरू नयेत. त्यातल्या काहींत क्लोरिनयुक्त द्रावक असतात, आणि ते ज्योतीत गेले की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. इतकं धुऊनही मुरलेलं तेल राहतंच. त्यासाठी कव्हर टॉर्चनं हलकंच, दोनशे-सव्वादोनशे अंशांपर्यंत तापवायचं. चिरेतून निळसर धूर येतो आणि कडेला तपकिरी थेंब फुटतात. पुसायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा तापवायचं. धूर यायचा थांबला की तेल गेलं.

चिरेची टोकं कुठं आहेत हे डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा नेहमी पुढं असतं. आतून रॉकेल लावलं, बाहेरून खडूची पूड चोळली. रॉकेल झिरपून खडूवर ओली रेघ उमटली ती दिसत होती त्यापेक्षा चांगली बोटाच्या पेराएवढी लांब. दोन्ही टोकांना अडीच मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे चीर पुढं पळत नाही. मग रोटरी बरनं, म्हणजे गरगर फिरणाऱ्या दातेरी टोकानं, चिरेवर व्ही आकाराची खाच केली, आरपार नाही, खाली जेमतेम एक मिलिमीटर राहील इतकी. लोखंडाला वापरतो ते ग्राइंडरचं चाक इथं नको. अ‍ॅल्युमिनियम चाकात भरतं आणि चाकातला चिकट बंध धातूवर फासला जातो. ब्रशही स्टेनलेसचा आणि कोरा हवा.

तापवण्यासाठी पाच किलोच्या सिलिंडरवर नळी आणि रेग्युलेटर लावून चालणारा एलपीजीचा टॉर्च घेतला. जोडांना साबणाचं पाणी लावून गळती बघितली आणि काम अंगणात, पण तीन बाजूंनी पत्रा उभा करून केलं. हातातला ब्युटेनच्या डब्याचा छोटा टॉर्च इथं पुरत नाही. त्याची ज्योत कमी गरम असते असं नव्हे, तिच्यात जोर नसतो. हिशेब करून बघा. पाऊण किलोच्या आसपासचं कव्हर तिसावरून चारशे अंशांवर न्यायला पावणेतीनशे किलोज्यूल तरी लागतात. छोटा टॉर्च दीडेक किलोवॉटचा धरला आणि त्यातली बरीचशी आच हवेत जाते हे लक्षात घेतलं, तर कव्हर जेवढं घेतं तेवढंच दुसऱ्या टोकानं बाहेर टाकत बसतं. अ‍ॅल्युमिनियम उष्णता पोलादाच्या चौपटीनं वाहून नेतं. एका कोपऱ्यात आच द्यायची ही कल्पनाच चुकीची आहे, अख्खं कव्हर तापवावं लागतं.

म्हणून खाली भट्टीच्या विटा आणि कडेनं सिरॅमिक वूल. फरशीवर किंवा काँक्रीटवर हे काम करू नये. आतला ओलावा वाफ होऊन कपची उडते. कव्हर गॅस्केटच्या बाजूनं विटांवर सपाट ठेवलं, कुठंही आवळलं नाही. जाड लोखंडी प्लेटला बोल्टांनी बांधावं असा सल्ला मिळतो, पण पंचवीस सेंटिमीटर लांबीचं अ‍ॅल्युमिनियम ३७० अंश तापलं की दोन मिलिमीटरहून जास्त वाढतं, आणि पोलाद त्याच्या निम्म्यानंच. बांधून ठेवलेलं कव्हर वाढायला जागा शोधतं आणि वाकतं. कान तेवढा जागेवर धरायला स्टेनलेसचा बोल्ट घेतला, त्यावर मऊ पेन्सिलीचं शिसं भरपूर घासलं, म्हणजे जस्त त्याला धरत नाही.

तापमान कळणार कसं? इन्फ्रारेड गन चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर सर्रास खोटं सांगते, फार कमी दाखवते. कव्हराला काजळीचा ठिपका देऊन तिथं मारली तर जरा खरं बोलते. त्यापेक्षा रॉडच विचारायचा. ज्योत बाजूला करायची, रॉडचं टोक खाचेत टेकवायचं. नुसतं घासलं गेलं तर अजून वेळ आहे, टोक लोण्यासारखं पसरलं तर तापमान आलं. रॉडला ज्योत दाखवायची नाही, हा सगळा खेळ त्यावर आहे. कल्हईवाला आच भांड्याला देतो, कथिल भांड्याच्या उष्णतेनं पसरतं. तसंच हे. ज्योतीनं वितळवलेलं जस्त थेंब होऊन वर बसतं आणि गार झाल्यावर नखानं निघतं.

थेंब बसण्याचं कारण म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइड. तो दोन हजार अंशांच्या पुढं वितळतो, म्हणजे टॉर्चच्या हिशेबात वितळतच नाही, आणि घासून काढला की लगेच नवा धरतो. फ्लक्स नसेल तर तो वितळलेल्या जस्ताच्या खालीच फोडावा लागतो, हवा पोचणार नाही अशा ठिकाणी. खाचेत जस्ताचं डबकं तयार झालं की स्टेनलेसच्या टोकदार सळईनं त्या डबक्याच्या तळाशी कव्हराचा धातू खरवडायचा. हाताला आधी सळई घसरल्यासारखी लागते, मग एकदम खरखर लागते. त्याच क्षणी डबक्याची कड बदलते. फुगून उभी असलेली कड सपाट होते आणि जस्त कडेनं पुढं सरकतं. भावाला मी तेवढंच बघायला सांगितलं होतं. कड उभी असेल तिथं जोड नाही, कड पसरली असेल तिथं आहे. खाचेच्या दोन्ही भिंती अशा ओल्या झाल्यावरच वरून भर घातली. कानाच्या दोन्ही तुटल्या तोंडांना आधी वेगवेगळं जस्त चढवून घेतलं, मग कान जागेवर ठेवून पुन्हा तापवलं आणि वरून दाबला.

पांढरा धूर दिसला तर आच जास्त झाली. तो जस्ताचा धूर. जास्त ओढला गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो, म्हणून वाऱ्यानं धूर तोंडावर येईल अशा बाजूला उभं राहायचं नाही आणि बंद खोली तर नकोच. काम झाल्यावर पाणी मारलं नाही. वूल पांघरून कव्हर तसंच सोडलं.

गार झाल्यावर वरचा फुगवटा कानसीनं उतरवला आणि पुन्हा रॉकेल-खडू. रात्रभर ठेवल्यावर खाचेच्या एका टोकाशी मोहरीएवढा ओला ठिपका आला. चीर थांबवायला टोकाशी पाडलेल्या भोकाच्या भिंतीला जस्त चिकटलंच नव्हतं, भोक नुसतं झाकलं गेलं होतं. अशा ठिपक्यावर वरून आणखी जस्त घालून उपयोग नसतो. तापवून, आतली भिंत खरवडून, पुन्हा भरलं. नंतरची खडूची पूड कोरडी राहिली. गॅस्केटची बाजू जाड काचेवर एमरी पेपर ठेवून घासली. आधी पेन्सिलीच्या रेघा मारायच्या, सगळ्या सारख्या पुसल्या गेल्या की बाजू सपाट. कानाजवळ किंचित उंचवटा होता, तो गेला.

एम ६ बोल्टला एरवी दहा न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. या एका कानाच्या बोल्टला जाड वॉशर घातला आणि आठच्या आत ठेवलं. जस्ताचा मिश्रधातू शंभर अंशांच्या आसपास सतत दाबाखाली राहिला तर हळूहळू सरकतो. तुटत नाही, पण सैल पडतो. पहिल्या लांब फेरीनंतर तपासला तेव्हा बाकीचे बोल्ट जसेच्या तसे होते आणि हा थोडा फिरला. तेव्हा आवळला, नंतर तो फिरलेला नाही. तेलही आलेलं नाही. दुरुस्तीवर प्राइमर आणि रंग दिलाय, कारण पावसाच्या पाण्यात जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र ओले राहिले की जस्त आधी खाल्लं जातं. गाडी कोकणात राहणारी असती तर याबाबत मी आणखी धास्तावलो असतो.

कव्हर जमलंय म्हटल्यावर घरातनं यादी आली. भावाला फुटरेस्टचा ब्रॅकेट लावून हवा होता, आत्याला कुकरचा कान. फुटरेस्टवर माणूस उभा राहतो, नाही म्हटलं. मागच्या कॅरिअरच्या नळीचं विचाराल तर तिथं जोड कदाचित टिकेलही, पण ६०६३ टी ६ जातीची नळी चारशे अंशांवर नेली की तिचं हीट ट्रीटमेंटनं आलेलं बळ जातं. नमतं बळ, म्हणजे ज्याच्या पुढं नळी कायमची वाकते तो ताण, २०० मेगापास्कलच्या वरून पन्नासच्या आसपास येतं. जोड शाबूत आणि शेजारी नळी वाकलेली, असं दिसतं. डाय कास्टिंगच्या कव्हराला सहसा अशी ट्रीटमेंट दिलेलीच नसते, म्हणून तिथं हा तोटा फारसा जाणवत नाही.

आत्याचा कुकर मात्र समजवायला सगळ्यात अवघड गेला. "एवढं गाडीचं लावलंस, माझा एक कान लावायला काय होतंय रे?" कुकर आतून एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला आणि १२० अंशांना चालतो, घरगुती कुकरांसाठी आयएस २३४७ असं वेगळं मानक आहे, हे सांगून काही उपयोग झाला नाही. आमटीत जस्त उतरेल म्हटल्यावर विषय मिटला. हेही कारण खरंच आहे. आंबट पदार्थात जस्त विरघळतं, त्यामुळं या रॉडनं कुठलंच स्वयंपाकाचं भांडं दुरुस्त करू नये.

कव्हर बसवण्याआधी आतल्या बाजूला, गॅस्केटपासून लांब, एनग्रेव्हरनं मोठ्या अक्षरांत कोरून ठेवलंय: "इथं जस्त आहे. आर्गन मारू नये." पुढं ही गाडी कुणाकडं जाईल आणि कव्हर कोण उघडेल ते सांगता येत नाही.